संगणकीय मराठी लेखन आणि अंध वाचक

शुद्धलेखनाचा वाद हा मराठी साहित्यसंस्थांच्या इतिहासातील एक जुना आणि जिव्हाळ्याचा वाद होय. अनुस्वार कोठे द्यावा, ऱ्हस्व-दीर्घाची व्यवस्था कशी लावावी, या प्रश्नांवर आपल्या परिषदांनी वर्षानुवर्षे खल केला आणि अखेर मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा व १९७२ साली आणखी चार नियम ठरवून त्या वादाला एक व्यवहार्य विराम दिला. या सर्व चर्चेच्या मुळाशी एक गोष्ट न बोलताच गृहीत धरलेली होती. लेखन डोळ्यांसाठी असते, आणि कागदावर अक्षर नीट उमटले म्हणजे लेखकाचे व मुद्रकाचे कर्तव्य संपले, असे सर्वच पक्ष मानीत होते. आज आपले बहुतेक लेखन कागदावर उमटण्यापूर्वी संगणकात साठविले जाते. पुष्कळदा ते कागदापर्यंत पोचतही नाही. अशा लेखनाला डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाखेरीज आणखी एक रूप असते. त्या दुसऱ्या रूपाचे शुद्धलेखन आपण अद्याप शिकलेलो नाही, आणि आपल्या या उणिवेचा भार ज्याला पहिले रूप दिसतच नाही त्या अंध वाचकाला वाहावा लागतो, असे आमचे म्हणणे आहे. त्याची कारणे व उपाय येथे क्रमाने मांडावयाचे आहेत.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतातील दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख होती आणि त्यांपैकी सुमारे ५० लाख व्यक्ती दृष्टिदोष असलेल्या होत्या. दिव्यांगतेचे प्रकार अनेक आणि प्रत्येकाची अडचण निराळी. प्रस्तुत लेखात आम्ही मुख्यतः अंध वाचकाचा विचार करणार आहोत; कारण मराठी भाषा आणि देवनागरी लिपी यांचा खास असा प्रश्न तेथेच तीव्रतेने उभा राहतो. इतरांविषयी पुढे थोडक्यात लिहू.

१. यंत्र वाचते म्हणजे काय करते?

अंध मनुष्य संगणक वापरतो तो 'स्क्रीन रीडर' नावाच्या प्रणालीच्या साहाय्याने. पडद्यावरील मजकूर ही प्रणाली कृत्रिम आवाजात बोलून दाखविते. किंवा बारीक टाचण्या वरखाली होऊन जिच्यावर ब्रेलचे ठिपके उमटतात अशा पट्टीकडे तो पाठविते. या प्रणालींपैकी 'एनव्हीडीए' ही आज जगभर वापरली जाते. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी २००६ साली तिची रचना आरंभिली व पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही स्वतः अंध. विकत घ्यावयाच्या प्रणालींची किंमत पुष्कळ अंधांच्या आवाक्याबाहेरची असल्यामुळे आपली प्रणाली त्यांनी विनामूल्य ठेविली. अँड्रॉइड फोनमधील 'टॉकबॅक' आणि ॲपलच्या फोनमधील 'व्हॉइसओव्हर' या तशाच सोयी होत. तेव्हा साधनेच नाहीत ही सबब आता पुढे करता येणार नाही.

या प्रणालीला डोळे नसतात, ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. पडद्यावर अक्षराचा जो आकार चितारलेला असतो त्याच्याशी तिला मूलतः कर्तव्य नसते. 'या जागी कोणते अक्षर आहे?' असे ती संगणकाला विचारते, आणि संगणक तिला त्या अक्षराचा ठरलेला क्रमांक सांगतो. त्या क्रमांकावरून ती उच्चार करते. म्हणजे मजकुरात आकार आणि ओळख अशा दोन गोष्टी एकत्र नांदतात. डोळस वाचकाला आकार पुरतो. अंध वाचकाचे सर्व वाचन ओळखीवर अवलंबून असते. आकार बरोबर आणि ओळख खोटी असे लेखन झाले, तर डोळस मनुष्याला त्याचा पत्ताही लागत नाही आणि अंध मनुष्याला त्यातले अक्षरही कळत नाही.

२. आकार मराठी, ओळख रोमन

आकार मराठी आणि ओळख रोमन असे लेखन मराठीत थोडेथोडके झालेले नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्या मुद्रणालयांत संगणक आले तेव्हा त्यांच्यात रोमन अक्षरांच्याच क्रमांकांची सोय असे. त्या क्रमांकांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवून फॉन्ट तयार करण्यात आले. त्या वेळच्या अडचणीतून काढलेली ती वाट होती आणि तिने आपले मुद्रण चालू ठेवले, हे उपकार विसरता येत नाहीत. परंतु त्या युक्तीचा परिणाम काय झाला तो पाहा. 'कृतिदेव' या प्रसिद्ध फॉन्टात 'मराठी' हा शब्द लिहिला, तर संगणकात जे साठते ते म, र, ठ यांपैकी काहीच नसते. इ, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे तेथे जाऊन बसतात. त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढविलेला असतो, एवढेच. स्क्रीन रीडर मुखवटा पाहत नाही, म्हणून तो या पाच रोमन अक्षरांचा काहीतरी अर्थशून्य उच्चार करतो. लेख कितीही विद्वत्तेचा असो, अंध वाचकाच्या कानी आरंभापासून अखेरपर्यंत हाच गोंगाट पडतो.

आपल्या लेखनाची ही परीक्षा कोणासही घेता येईल. लेखातील एक ओळ निवडावी आणि तिचा फॉन्ट बदलून एखादा साधा रोमन फॉन्ट द्यावा. ओळ मराठीच राहिली तर ओळख खरी आहे. तिच्या जागी रोमन अक्षरांची रांग उमटली तर मुखवटा गळाला असे समजावे.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना या प्रकाराचे एक उदाहरण आपल्या इतिहासातच सापडेल. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले. तो संकेत ठाऊक नसल्यामुळे मराठीचे आद्य गद्य शतकानुशतके पंथाबाहेरच्या मराठी माणसाला परके होते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृती संशोधकांच्या काळात ती कोंडी फुटली, तेव्हा आपल्या वाङ्मयेतिहासाची पहिली प्रकरणे नव्याने लिहावी लागली. महानुभावांनी लिपी सांकेतिक केली ती ग्रंथांच्या रक्षणासाठी, हेतुपूर्वक. आपण मात्र कसलाही हेतू नसताना आपल्या नियतकालिकांचे, गौरवग्रंथांचे आणि शालेय टिपणांचे ढीग अशाच एका संकेतात घालून ठेविले आहेत. त्यांची किल्ली म्हणजे तो एक विशिष्ट फॉन्ट होय. तो नव्या संगणकावर मिळेनासा झाला, की डोळस वाचकासही ते लेखन बंद झाले.

३. ध्वनीच्या क्रमाने लेखन

या अनवस्थेवर उपाय निघालेला आहे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाची संकेतपद्धती प्रमाण म्हणून स्वीकारली, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'युनिकोड' या जागतिक पद्धतीत इस्कीच्याच आधीच्या आराखड्यावरून देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र विभाग राखण्यात आला. या पद्धतीत 'म'ला स्वतःचा क्रमांक आहे, आणि फॉन्ट कोणताही असो, तो क्रमांक पालटत नाही.

या पद्धतीतील एक गोष्ट भाषेच्या अध्यापकांनी मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. 'कि' हे अक्षर लिहिताना आपला हात आधी वेलांटी काढतो आणि मग क. कृतिदेवासारख्या फॉन्टांत संगणकही तोच क्रम साठवितो. कारण तो आकारांचा क्रम आहे. युनिकोडात मात्र आधी 'क' आणि मग वेलांटी साठविली जाते. कारण उच्चारात क् आधी येतो आणि इ नंतर. आकार जुळविण्याचे काम फॉन्टाकडे राहते. मजकूर ध्वनीच्या क्रमाने टिकतो. शिक्षेपासून व्याकरणापर्यंत आपली सारी परंपरा वर्णाला ध्वनी मानीत आली, तिच्याशी ही व्यवस्था जुळते.

आणखी एक जुळणी आहे. फ्रान्समधील लुई ब्रेल याने १८२९ साली सहा ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली. भारतीय भाषांसाठी निरनिराळ्या ब्रेल पद्धती चालत असत. त्यांच्या जागी १९५१ साली 'भारती ब्रेल' ही एकच पद्धती मान्य झाली. तीत क म्हणजे पहिला व तिसरा ठिपका, आणि इ म्हणजे दुसरा व चौथा. 'कि' लिहावयाचा तर आधी क आणि नंतर इ, अगदी ध्वनीच्या क्रमाने. वेलांटी, उकार, काना हे ज्या अक्षराच्या आगेमागे, वर-खाली बसतात ती देवनागरीची चित्ररचना बोटांना निरुपयोगी म्हणून तेथे सोडूनच दिली आहे. म्हणजे अंधांच्या लिपीने १९५१ साली जी दृष्टी स्वीकारली, तिच्यापाशी संगणक चाळीस वर्षांनी येऊन पोचला. युनिकोडातील मराठी मजकूर भारती ब्रेलमध्ये यंत्राने उतरविणे सोपे जाते ते यामुळे. एरवी एका मध्यम पुस्तकाचे ब्रेल करावयाचे तर ते पुन्हा सारे टंकून घ्यावे लागे आणि त्याचे जाडजूड असे कित्येक खंड होत. आज तोच मजकूर पट्टीवर बोटांखालून ओळीओळीने सरकू शकतो. अट एवढीच की, तो खरा मजकूर असावा.

४. युनिकोडातही होणाऱ्या चुका

युनिकोड वापरले की सर्व झाले, असे मात्र नाही. आकारापुरते पाहण्याची सवय येथेही आपला पिच्छा सोडीत नाही. काही उदाहरणे देतो.

मराठीतील अर्धा 'ऱ' हे पहिले उदाहरण. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, हा भेद मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकविला जातो. संगणकावर तो दाखविण्यासाठी युनिकोडात 'ऱ' हे अक्षर आहे. परंतु ती कळ ठाऊक नसल्यामुळे कित्येकजण 'दुसऱ्या' हा शब्द लिहिताना 'दुस' लिहून, मध्ये आडवी रेघ देऊन, पुढे 'या' लिहितात. डोळ्यांना ते चालून जाते. कानाला मात्र 'दुस' आणि 'या' असे दोन निरर्थक तुकडे ऐकू येतात. 'करणाऱ्या', 'येणाऱ्या', 'साऱ्या' अशा शब्दांवाचून मराठीचे एक पानही लिहिता येत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या एका रेघेने होणारी हानी कळेल.

दुसरे उदाहरण विसर्गाचे. 'दुःख' या शब्दात विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे दोन टिंब देण्याची चाल फारच पसरली आहे. दोन्ही चिन्हे दिसावयास सारखी. परंतु एक वर्ण आहे आणि दुसरे विरामचिन्ह. यंत्र त्या ठिकाणी शब्द तोडते. ओव्या-अभंगांच्या अखेरीस दंडाऐवजी कळफलकावरील उभी रेघ किंवा काना वापरणे, हाही त्याच जातीचा दोष होय. 'ॲ' या अक्षराची कथा थोडी निराळी. त्याला युनिकोडात स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. त्यापूर्वी 'अ'वर चंद्र देऊन किंवा 'ए'वर चंद्र देऊन लोक काम भागवीत. त्यामुळे एकच शब्द तीन प्रकारे साठविलेला आढळतो आणि एका प्रकाराने शोधू गेले असता दुसरा हाती लागत नाही.

शीर्षकाला भारदस्तपणा यावा म्हणून 'अनुक्रमणिका' हा शब्द दर अक्षरामागे जागा सोडून लिहिणारे मुद्रक आहेत. अशा वेळी स्क्रीन रीडर सहा सुटी अक्षरे वाचतो आणि ऐकणाऱ्याला शब्द मनात जुळवावा लागतो. अक्षरांमधील अंतर वाढविण्याची सोय प्रत्येक लेखनप्रणालीत असते. त्यासाठी कोरी जागा टंकण्याची गरज नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट भाषेची नोंद करण्याची आहे. संगणकीय लेखाच्या अंगी 'हा मजकूर अमुक भाषेतील आहे' अशी एक अदृश्य नोंद असते. संकेतस्थळाच्या पानावर मराठीसाठी 'एमआर' ही दोन रोमन अक्षरे आतल्या खुणांत लिहावी लागतात. लेखनप्रणालीत मजकूर निवडून भाषा मराठी अशी ठरवावी लागते. ही नोंद नसली म्हणजे देवनागरी दिसताच यंत्र पुष्कळदा हिंदीचा आवाज लावते. मग 'ज्ञान'चे 'ग्यान' होते, आणि 'चाक' व 'जाळे' यांतील दंततालव्य च-ज तालव्य होऊन येतात. इंदूर, ग्वाल्हेर यांसारख्या ठिकाणी, जेथे यंत्रात हिंदी आवाज आधीच बसविलेला असावयाचा, तेथे मराठी लेखकाने ही नोंद करण्याची दक्षता अधिकच घेतली पाहिजे. घराबाहेर ज्याच्या कानी मराठी क्वचितच पडते, अशा अंध मुलाने ती हिंदी उच्चारांतच ऐकून शिकावी काय? नोंद बरोबर केली तरी यंत्राची अडचण सर्वस्वी सुटत नाही, हेही मान्य केले पाहिजे. 'जग' हा शब्द विश्व या अर्थी तालव्य आणि 'जगणे' क्रियापदाच्या आज्ञार्थी दंततालव्य. 'जरा' हा शब्द वार्धक्य या अर्थी एक आणि 'थोडेसे' या अर्थी दुसरा. आपली लिपीच हा भेद दाखवीत नाही. परंतु जो दोष लिपीत आहे तो वाचक संदर्भाने सावरून घेतो. आपल्या हयगयीचे दोष त्यावर आणखी लादू नयेत.

५. छापील पानांची छायाचित्रे

आपल्या कित्येक संस्थांनी जुन्या अंकांची पाने छायांकित करून पीडीएफच्या रूपाने उपलब्ध केली आहेत. कार्य स्तुत्य आहे. तथापि अशा फाइलीत एकही अक्षर नसते. पानापानाचे चित्र तेवढे असते. स्क्रीन रीडर ते उघडतो आणि पान कोरे आहे असे सांगतो. चित्रातून अक्षरे ओळखणारी जी पद्धती 'ओसीआर' या नावाने ओळखली जाते ती आता मराठीलाही लागू झाली आहे. 'टेसेरॅक्ट' ही विनामूल्य प्रणाली मराठी ओळखते. परंतु जुन्या खिळ्यांच्या छपाईत घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांचा घोटाळा होतो. 'घन'चे 'धन' झाले तर वाक्य चुकीचे झाल्याचा संशयही यंत्राला येत नाही. म्हणून यंत्राने ओळखलेला मजकूर मनुष्याने ताडून पाहिला पाहिजे. मुद्रितशोधनाचे हे काम आपल्या अध्यापकांच्या आणि पदवीवर्गातील विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. जुने अनुस्वार जसेच्या तसे ठेवावेत. त्यांना नवे नियम लावू नयेत. भाषेचा अभ्यासक डोळस असो वा अंध, त्याला मूळ लेखन मिळाले पाहिजे.

युनिकोडात लिहिलेला लेखही पीडीएफ करताना बिघडू शकतो. जोडाक्षरांचे आकार फाइलीत राहतात आणि त्यांची ओळख पुसली जाते. फाइलीतील चार ओळी उचलून दुसरीकडे उतरवून पाहाव्यात. वेलांट्या व जोडाक्षरे शाबूत उतरली नाहीत तर पीडीएफच्या जोडीने मूळ लेखनाची फाइल किंवा 'ईपब' आवृत्ती ठेवावी.

६. मांडणी

डोळस वाचक पानावर नजर टाकतो आणि मथळे, तक्ते, टीपा यांची रचना क्षणात ओळखतो. अंध वाचकाला ती रचना शब्दांआधी कळावी यासाठी काही खुणा असतात. मथळा नुसता ठळक व मोठा केला, तर यंत्राच्या दृष्टीने ती एक साधी ओळच असते. लेखनप्रणालीतील शीर्षक-शैली त्याला दिली, तर वाचक एका कळीने या मथळ्यावरून त्या मथळ्यावर जातो आणि दोनशे पानांच्या ग्रंथातून हवे ते प्रकरण काढतो. तक्त्याची पहिली ओळ ही शीर्षकांची आहे असे सांगून ठेविले, तर प्रत्येक आकड्याबरोबर त्याचे सदरही ऐकू येते. संकेतस्थळावरील दुव्यांना 'येथे', 'येथे' असे नाव न देता 'दिवाळी अंकाची अनुक्रमणिका' असे नाव द्यावे. कारण अंध वाचक पुष्कळदा केवळ दुव्यांचीच यादी ऐकतो, आणि वीस वेळा 'येथे' ऐकून त्याला काय कळावे?

चित्राला पर्यायी मजकूर जोडता येतो. तो डोळ्यांना दिसत नाही; स्क्रीन रीडर वाचून दाखवितो. त्यात 'छायाचित्र ३' असे लिहिणे व्यर्थ होय. 'हस्तलिखिताचे पहिले पान. समासात दुसऱ्या हाताच्या टीपा. उजवा कोपरा फाटलेला' असे लिहिले तर अभ्यासकाचे काम होते. जे चित्र केवळ शोभेचे आहे त्याची तशी नोंद करावी, म्हणजे यंत्र ते वगळील.

मराठीच्या अध्यापकांना विशेष उपयोगी पडेल असा एक विषय छंदःशास्त्राचा. वृत्ताची लघु-गुरूंची चिन्हे आपण रेघा व अर्धचंद्र काढून दाखवितो, आणि तो भाग बहुधा चित्ररूपानेच पुस्तकात जातो. अंध विद्यार्थ्याला तेथे शून्य मिळते. वस्तुतः गणांची अक्षरे ही आपल्या शास्त्राने सिद्ध करून ठेविलेली उत्कृष्ट बोलकी लिपी आहे. 'भुजंगप्रयात : य य य य' किंवा 'मंदाक्रांता : म भ न त त ग ग' एवढे लिहिले की कान ते पूर्णपणे जाणतो. कानासाठीच जन्मलेले शास्त्र चित्रात कोंडून अंध विद्यार्थ्याला त्यापासून वंचित करणे यासारखी विसंगती नाही.

७. इतर वाचक आणि नियम

मंददृष्टीच्या वाचकाला अक्षर व पार्श्वभूमी यांतील भेद स्पष्ट हवा असतो. बहिऱ्या श्रोत्याला व्याख्यानाच्या चित्रफितीखाली मजकूर हवा. ज्याचा हात थरथरतो त्याला माउसवाचून केवळ कळफलकाने संकेतस्थळ वापरता आले पाहिजे. जागतिक वेबची मानके ठरविणाऱ्या 'वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम' या संस्थेने या सर्वांसाठी १९९९ साली मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. त्यांची दुसरी आवृत्ती २००८ साली आणि तिची अलीकडची सुधारणा २०२३ साली निघाली. मजकूर इंद्रियांना जाणवावा, हाताळता यावा, कळावा आणि निरनिराळ्या साधनांवर टिकावा, ही त्यांची चार तत्त्वे. नियम नेमके आहेत. उदाहरणार्थ, सामान्य आकाराच्या अक्षराचे पार्श्वभूमीशी तेजस्वितेचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे. फिकट पिवळ्यावर पांढरी अक्षरे छापणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्या देशात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला. सर्व माध्यमांतील मजकूर सुगम स्वरूपात मिळावा याची जबाबदारी त्याच्या ४२ व्या कलमाने शासनावर टाकली आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून यांच्या प्रकरणात, डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे असा निर्णय दिला. साहित्यसंस्थांनी मात्र कायद्याच्या धाकाने हे काम करावे, असे आम्हांस वाटत नाही. ज्यांनी भाषेच्या सेवेचे व्रत घेतले त्यांना कायद्याने वाचक दाखवून द्यावा लागणे हे शोभादायक नव्हे.

८. शंका आणि कर्तव्य

या सूचनांवर तीन शंका हमखास निघतात. पहिली खर्चाची. नवे लेखन आरंभापासूनच योग्य रीतीने केले तर खर्च जवळजवळ शून्य असतो. खर्च होतो तो चुकीचे केलेले पुन्हा करण्यात. दुसरी शंका देखणेपणाची. युनिकोडात चांगले फॉन्ट नाहीत, असे म्हणण्याचे दिवस गेले. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त', 'बालू' यांसारखे सुबक फॉन्ट विनामूल्य मिळतात. तिसरी शंका स्वामित्वहक्काची. मजकुराची फाइल दिली तर तिच्या प्रती सर्वत्र होतील, ही प्रकाशकांची भीती निराधार नाही. परंतु २०१२ साली स्वामित्वहक्क अधिनियमात जी दुरुस्ती झाली तिने दिव्यांगांसाठी, नफ्याच्या हेतूवाचून, पुस्तकांची सुगम रूपे करण्यास मोकळीक दिली आहे. अशा प्रती देशोदेशी पाठविता याव्यात म्हणून २०१३ साली मराकेश येथे करार झाला आणि त्याला अनुसमर्थन देणारे पहिले राष्ट्र भारतच होते. २०१६ साली सुरू झालेल्या 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयाद्वारे अशी पुस्तके नेमक्या त्या वाचकांपर्यंत पोचविता येतात. प्रकाशकाने फाइल न दिली तरी पुस्तक सुगम करता येतेच. मात्र प्रत्येक पान पुन्हा छायांकित करून, ओळखून, ताडून पाहण्याचे श्रम त्यामुळे अंध वाचकाच्या आणि त्याच्या हितचिंतकांच्या माथी बसतात.

बृहन्महाराष्ट्रातील संस्थांना हे कार्य अधिक जवळचे वाटावे असे कारण आहे. हैदराबादेत, बडोद्यात किंवा बेळगावात राहणाऱ्या डोळस मराठी माणसाला निदान जुने ग्रंथालय आहे, घरचे कपाट आहे, पुण्या-मुंबईहून येणारा टपालाचा अंक आहे. त्याच्याच घरातील अंध मुलाला ही कपाटे बंद आहेत. त्याच्या मराठीचा आधार घरातील बोलणे आणि यंत्रातून ऐकू येणारे वाचन एवढाच. यंत्रातून मराठीच्या नावाने गोंगाट ऐकू येऊ लागला, की तो स्वाभाविकपणेच इंग्रजीकडे किंवा प्रांतभाषेकडे वळतो, आणि भाषा टिकविण्यासाठी काढलेल्या आपल्या संस्थेच्या दारातच एक मराठी वाचक नाहीसा होतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आपण सर्वांनी उत्सव केला. अभिजात वाङ्मय पुढील पिढ्यांच्या हाती सुखरूप जावे हा त्या दर्जाचा अर्थ असेल, तर त्या पिढ्यांतील अंध विद्यार्थी त्यातून वगळता येणार नाहीत.

आमची सूचना अशी आहे की, प्रत्येक संस्थेने तीन गोष्टींचा ठराव करावा. यापुढील सर्व लेखन युनिकोडातच स्वीकारावे व प्रसिद्ध करावे. जुन्या फॉन्टांतील फाइली, ते फॉन्ट हाताशी आहेत तोवर, युनिकोडात उतरवून घ्याव्यात; त्यासाठी रूपांतर करणाऱ्या प्रणाली उपलब्ध आहेत. आणि संपादकाने प्रत्येक अंक प्रसिद्धीपूर्वी एकदा फोनवरील स्क्रीन रीडरकडून वाचवून घेऊन डोळे मिटून ऐकावा. शक्य असेल तेथे हे काम एखाद्या अंध सभासदाकडे मुद्रितशोधक म्हणून मानधन देऊन सोपवावे. आपल्या कानाला जो दोष खटकेल तो बहुधा अर्ध्या घटकेत दुरुस्त होण्याजोगा असेल. १९६२ च्या नियमांसाठी आपल्या पूर्वसूरींना कित्येक वर्षे वाद घालावे लागले; येथे वाद घालण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. पुढच्या अंकापासून आरंभ करावयाचा, एवढेच राहिले आहे.